‘तुम्हालाच का?’ : एका हैतियन आश्रयार्थीचा खटला उभा करताना

हैती हा धोकादायक देश आहे, हे अमेरिकेतल्या इमिग्रेशन न्यायालयात कोणीही नाकारत नाही. न्यायाधीश नाकारत नाहीत, सरकारी वकीलही नाकारत नाहीत. अमेरिकेचे परराष्ट्र खाते तर आपल्या नागरिकांना तिकडे अजिबात जाऊ नका, असा सर्वांत वरच्या म्हणजे चौथ्या पातळीचा इशारा गेली काही वर्षे देत आले आहे. तरीही हैतियन माणसाचा आश्रयाचा अर्ज फेटाळला जातो, आणि पुष्कळदा तो नेमक्या याच मुद्द्यावर फेटाळला जातो, की तिथे सगळ्यांनाच धोका आहे, मग आश्रय तुम्हालाच का द्यायचा? बॉस्टनमध्ये एका हैतियन शिक्षकाचा खटला मी विनाशुल्क चालवला, तेव्हा त्याची बहुतेक तयारी या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. ते काम कसे झाले, कोणती साधने उपयोगी पडली आणि गाडे कुठे अडले, ते इथे नोंदवत आहे. अशिलाची ओळख पटू नये म्हणून त्यांचे नाव दिलेले नाही आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत.

माझी वकिलीची सनद मूळची पुण्यातली. पुढे इथे एलएलएम केले, मॅसॅच्युसेट्सची बार परीक्षा दिली आणि कंपन्यांच्या करारमदारांच्या कामात स्थिरावले. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही, त्यामुळे या विषयाची माझी पाटी कोरीच होती. अमेरिकेत फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकार वकील देते, इमिग्रेशन न्यायालयात मात्र देत नाही. ज्याला फी परवडत नाही त्याने एखादी मदतसंस्था गाठायची किंवा स्वतःच उभे राहायचे. अशा संस्थांकडे वकील कमी आणि माणसे फार, म्हणून त्या आमच्यासारख्यांना हाताशी धरतात आणि एक अनुभवी वकील मार्गदर्शक म्हणून देतात. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितले, की बातम्यांची कात्रणे जमवण्यात वेळ घालवू नकोस, हैतीत गोळीबार होतो हे न्यायाधीशांना ठाऊक आहे.

अशील मूळचे हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या ला सालीन या वस्तीतले. बंदराला आणि क्रुआ-दे-बोसाल या प्रचंड बाजाराला लागून असलेली ही गरीब वस्ती विरोधी पक्षाचा बालेकिल्ला मानली जात असे. अशील तिथल्या शाळेत शिकवत, त्यांच्या आई बाजारात धान्य विकत. व्हेनेझुएलाने सवलतीत दिलेल्या तेलातून उभा राहिलेला पेट्रोकॅरिबे निधी कुठे गेला, असा जाब विचारणारे आंदोलन २०१८ मध्ये हैतीभर पेटले. त्या वर्षी १७ ऑक्टोबरच्या मोर्चाला वस्तीतली तरुण मुले गोळा करून नेणाऱ्यांत अशील होते. त्यानंतर चारच आठवड्यांत, १३ नोव्हेंबरला, ला सालीनमध्ये हत्याकांड झाले. त्यांचे घर जळाले, एक सहकारी मारला गेला, आणि त्यांचे नाव घेऊन विचारपूस करणारी माणसे नंतर नातेवाइकांच्या दारापर्यंत पोचली. २०१९ मध्ये ते ब्राझीलला गेले आणि दक्षिणेकडच्या सांता कातारिना राज्यात कोंबडी कापण्याच्या कारखान्यात काम करू लागले. २०२३ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर, सीबीपी वन या सरकारी अ‍ॅपवर मिळालेल्या वेळेला रीतसर हजर होऊन, ते अमेरिकेत आले.

अमेरिकेचा १९८० चा निर्वासित कायदा आश्रयासाठी पाच कारणे मानतो: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व आणि राजकीय मत. छळ झाला एवढे पुरत नाही. तो या पाचांपैकी एका कारणामुळे झाला, आणि ते कारण छळामागच्या मध्यवर्ती कारणांपैकी निदान एक होते, हे दाखवावे लागते. २००५ च्या दुरुस्तीपासून ही अट कायद्यातच आहे. खंडणी, लूट, टोळ्यांची आपसांतली लढाई हे सारे सर्वसाधारण गुन्हेगारीत मोडते आणि त्यावर आश्रय मिळत नाही. ला सालीनच्या बाबतीत सरकारी वकिलांची बाजू काय असणार, हे त्यामुळे उघड होते. बाजाराच्या खंडणीवर ताबा कोणाचा यावरून टोळ्या भिडल्या आणि तुमचे अशील मधे सापडले, एवढेच त्यांना म्हणायचे होते. आणि हे म्हणणे खोटेही नव्हते, कारण बाजाराची खंडणी हा त्या हिंसाचाराचा एक भाग होताच.

अर्ज भरायला बसण्याआधी मी जुने निकाल वाचले, आणि हैतियन लोकांच्या खटल्यांसाठी वकिलांचे इतके घट्ट जाळे का आहे, हे तिथे समजले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मायामीत हैतियन अर्जदारांच्या प्रकरणांचा ‘निपटारा’ करण्यासाठी खास मोहीम काढली गेली होती. १९८० मध्ये न्यायाधीश जेम्स लॉरेन्स किंग यांनी ती बेकायदा ठरवली, तेव्हा चार हजारांहून अधिक अर्जदारांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९९१ मध्ये अध्यक्ष आरिस्तीद यांच्याविरुद्ध बंड झाल्यावर होड्यांतून निघालेल्या हजारो माणसांना समुद्रातच अडवले गेले, आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ते मान्य केले. एकटे न्यायमूर्ती ब्लॅकमन विरोधात होते. २००२ मध्ये इमिग्रेशन अपील बोर्डाने ‘मॅटर ऑफ जे-ई-’ या प्रकरणात ठरवले, की हैतीच्या तुरुंगातली भयानक अवस्था हा छळवाद (टॉर्चर) ठरत नाही, कारण त्यामागे यातना देण्याचा विशिष्ट हेतू दिसत नाही. छळवादविरोधी कराराखाली संरक्षण मागणारा हैतियन माणूस आजही या निकालाशी झगडतो. निर्वासितांच्या कायद्यावरचे अनेक पायाभूत निकाल हैतियन लोकांच्याच नावावर आहेत, आणि त्यांतले किती त्यांच्या विरोधात गेले हे पाहिले की, मनावर दडपण येते.

पहिला मोठा आधार मिळाला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या कायदा महाविद्यालयातल्या सेंटर फॉर जेंडर अँड रेफ्युजी स्टडीज या संस्थेचा. खटल्याची माहिती भरून दिली की ही संस्था वकिलाला त्या देशाविषयीचे पुरावे, तज्ज्ञांची प्रतिज्ञापत्रे आणि नमुन्याचे युक्तिवाद मोफत पुरवते. दुसरा आधार बॉस्टनमधलाच होता: इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस अँड डेमॉक्रसी इन हैती. पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या ‘ब्यूरो देझ अव्होका एंतेर्नास्योनो’ या वकिलांच्या कचेरीशी तिचे जुने नाते आहे आणि आश्रयाच्या खटल्यांसाठी लागणारी माहिती ती संकलित करून ठेवते. कॅनडाच्या निर्वासित मंडळाने हैतीविषयी वेळोवेळी प्रसिद्ध केलेली संशोधन-उत्तरे ही तिसरी खाण. अमेरिकी वकील तिकडे कमी फिरकतात, पण तक्रार कशी नोंदवतात, कोणता दाखला कोण देतो, अशा बारीकसारीक गोष्टी तिथे शोधाव्यात. मात्र या साऱ्यातून निवड करायचे काम वकिलाचेच राहते. हजार पानांचे परिशिष्ट जोडणारे वकील मी पाहिले आहेत, आणि न्यायाधीश त्यातले किती वाचतात, याचीही कल्पना आली आहे.

आमच्या खटल्याचा कणा ठरलेला कागद मात्र यांपैकी कुठल्याच संस्थेचा नव्हता. तो खुद्द अमेरिकेच्या अर्थखात्याचा होता. १० डिसेंबर २०२० रोजी या खात्याने ला सालीन प्रकरणी तिघांवर निर्बंध घातले: टोळीप्रमुख आणि माजी पोलीस जिमी शेरिझिए, गृहमंत्रालयाचे तेव्हाचे महासंचालक फेडनेल मोंशेरी आणि पश्चिम विभागातले राष्ट्राध्यक्षांचे प्रतिनिधी जोसेफ पिएर रिशार दुप्लां. किमान ७१ माणसे मारली गेली, ४०० हून अधिक घरे उद्ध्वस्त झाली आणि किमान सात स्त्रियांवर बलात्कार झाले, असे त्याच निवेदनात आहे. गृहमंत्रालयाचा उच्चाधिकारी आणि राष्ट्राध्यक्षांचा प्रतिनिधी ज्या हल्ल्यात गुंतलेले आहेत, त्याला निव्वळ बाजाराच्या खंडणीचे भांडण म्हणणे सरकारी वकिलांना कठीण जाणार होते, कारण ते ज्या सरकारची बाजू मांडत होते त्याच सरकारचे हे म्हणणे होते. त्याच्या जोडीला हार्वर्ड कायदा महाविद्यालयाच्या मानवी हक्क विभागाने एका हैतियन संघटनेबरोबर एप्रिल २०२१ मध्ये काढलेला अहवाल लावला, ज्यात ला सालीन, बेल-एअर आणि सिते सोलेय येथील हल्ल्यांतला सरकारी सहभाग क्रमाने मांडला आहे.

एका ठिकाणी हे पुरावे एकमेकांशीच भांडत होते. हैतीतल्या आरएनडीडीएच या मानवी हक्क संघटनेने मृतांचा आकडा ७१ सांगितला होता, तर संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या अहवालात किमान २६ असा आकडा होता. आश्रयार्थीच्या पुराव्यात असा फरक दिसला की, उलटतपासणीत तो हमखास बाहेर काढला जातो. म्हणून आम्ही दोन्ही अहवाल जोडले, संबंधित परिच्छेद पिवळ्या रंगाने अधोरेखित केले आणि वर एका पानाची टीप लावली, की संयुक्त राष्ट्रांचा आकडा हा किमान आहे, स्थानिक संघटना वस्तीत जाऊन कुटुंबाकुटुंबांकडून माहिती घेते, आणि मृतदेह जाळले किंवा हलवले गेले असतील तर दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत. सुनावणीत या फरकावर एकही प्रश्न आला नाही. तो त्या टीपेमुळे आला नाही, असे मी समजते.

परराष्ट्र खात्याच्या वार्षिक मानवी हक्क अहवालांना इमिग्रेशन न्यायालयात मोठे वजन असते. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली २०२४ ची आवृत्ती पूर्वीच्या मानाने बरीच आटोपशीर केलेली होती. आमच्या घटना २०१८-१९ च्या असल्याने त्या काळचे जुने, सविस्तर अहवाल आम्हाला अधिक उपयोगी पडले. ज्यांना अलीकडची परिस्थिती सिद्ध करायची आहे त्यांना आता संयुक्त राष्ट्रांच्या हैतीतल्या कार्यालयाचे तिमाही अहवाल आणि सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञमंडळाचे अहवाल यांवर जास्त विसंबावे लागते. २०२४ या एका वर्षात हैतीत ५,६०० हून अधिक माणसे मारली गेली, हा आकडा संयुक्त राष्ट्रांचाच आहे.

सर्वांत अवघड काम होते अशिलाचे प्रतिज्ञापत्र. ते क्रेयोल या हैतीच्या भाषेत बोलत, मॅटापॅनमधल्या एका चर्चच्या ओळखीतून आलेल्या दुभाषी बाई ते इंग्रजीत सांगत, मी लिहीत असे, आणि शेवटी संपूर्ण मजकूर त्यांना क्रेयोलमध्ये परत वाचून दाखवून दुभाषी बाईंचे प्रमाणपत्र जोडावे लागे. अशील घटना तारखांवरून सांगत नसत. ते सांगत, की शाळेची चाचणी झाली त्या आठवड्यात, मोर्चानंतरच्या दुसऱ्या रविवारी, आई बाजारातून उशिरा आली त्या संध्याकाळी. त्यांचे फेसबुक खाते उघडून मोर्चाची छायाचित्रे तारखेसह मिळवली आणि मग प्रत्येक आठवण त्या छायाचित्रांच्या आधाराने दिनदर्शिकेवर बसवली. सीमेवरच्या अधिकाऱ्याने २०२३ मध्ये केलेली नोंद आम्ही माहितीच्या अधिकाराखाली मागवली होती. तीत त्यांची जन्मतारीख ११/०४ अशी होती आणि हैतीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून आलेल्या जन्माच्या उताऱ्यावर ४ नोव्हेंबर. हैतीत, आपल्याप्रमाणेच, आधी दिवस आणि मग महिना लिहितात, अमेरिकेत उलटे. अशिलाने ४/११ सांगितले असेल आणि अधिकाऱ्याने ते अमेरिकी पद्धतीने फिरवून घेतले असेल, तर तारीख बरोबरच होती. पण त्याच नोंदीत ते देश सोडल्याची तारीखही आकड्यांतच होती, ती मात्र फिरवलेली नव्हती, त्यामुळे वाचणाऱ्याला ते हैतीतून पाच महिने उशिरा निघाले असे वाटले असते. २००५ च्या दुरुस्तीनुसार दाव्याच्या गाभ्याशी संबंध नसलेली विसंगतीसुद्धा न्यायाधीश अविश्वासाचे कारण म्हणून धरू शकतात. दोन्ही तारखांचा खुलासा प्रतिज्ञापत्रातच केला.

घर जळाल्यावर अशिलाच्या मामांनी शांतता न्यायाधीशाला बोलावून जागेची पाहणी करून घेतली होती. हैतीत हा अधिकारी येऊन प्रत्यक्ष पाहिलेले लिहून काढतो, साधारण आपल्या पंचनाम्यासारखे. फ्रेंचमधला, निळ्या शिक्क्याचा, एका कोपऱ्यात पाणी लागून शाई पसरलेला तो दोन पानी कागद मामांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. असे दाखले पैसे देऊन मिळतात, हा सरकारी वकिलांचा नेहमीचा आक्षेप. म्हणून मूळ कागद कुरिअरने मागवला, मामांचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र घेतले आणि कागद कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला, हे त्यात ओळीने लिहवून घेतले.

आय-५८९ हा आश्रयाचा अर्ज अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत भरावा लागतो आणि आम्ही तो वेळेत भरला. तेव्हा त्याला शुल्क नव्हते. जुलै २०२५ मधल्या कायद्याने अर्जाला १०० डॉलर आणि प्रकरण प्रलंबित राहील त्या प्रत्येक वर्षासाठी आणखी १०० डॉलर लावले. एका गोष्टीकडे हैतियन वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्ष द्यावे असे मला वाटते. २०१० च्या भूकंपानंतर हैतियन लोकांना टीपीएस हे तात्पुरते संरक्षण मिळाले, ते पुन्हापुन्हा वाढत गेले, आणि २०२५ पर्यंत सुमारे साडेतीन लाख लोक त्यावर विसंबून होते. ज्यांच्याजवळ टीपीएस आहे त्यांतले पुष्कळजण आश्रयाचा अर्ज करतच नाहीत. टीपीएस चालू असतानाचा काळ एक वर्षाच्या मुदतीला अपवाद म्हणून धरता येतो, पण ते संपल्यावर वाजवी वेळेत अर्ज करावा लागतो, आणि वाजवी म्हणजे किती, हे न्यायाधीश ठरवतात. सरकारने हे संरक्षण ३ फेब्रुवारी २०२६ पासून संपवायचे ठरवले आणि आदल्याच दिवशी वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अशा हिंदकळणाऱ्या आधारावर अर्ज पुढे ढकलू नये. आमच्या अशिलांनाही टीपीएस होते, तरी अर्ज भरून ठेवला होता.

मे २०२५ मध्ये खटल्याला अनपेक्षित वळण लागले. परराष्ट्र खात्याने व्हिव्ह आन्सान्म ही टोळ्यांची आघाडी आणि ग्रान ग्रिफ ही टोळी यांना परदेशी दहशतवादी संघटना म्हणून घोषित केले. वरवर पाहता हे आश्रयार्थींच्या बाजूचे वाटते. पण दहशतवादी संघटनेला साहाय्य करणाऱ्याला आश्रय मिळत नाही, आणि साहाय्यात खंडणीही येऊ शकते. अशिलाच्या धाकट्या भावाचे २०२२ मध्ये अपहरण झाले होते. अशिलांनी कारखान्यातल्या पगारातून आणि सहकाऱ्यांकडून उसने घेऊन खंडणीचे पैसे ब्राझीलहून पाठवले होते, आणि हे आम्ही प्रतिज्ञापत्रात आधीच लिहून बसलो होतो. जिवाच्या भीतीने दिलेल्या मदतीलाही कायद्यात सूट नाही, असे अपील बोर्डाने २०१६ मध्ये ‘मॅटर ऑफ एम-एच-झेड-’ प्रकरणात ठरवलेले आहे. तिथे कोलंबियातल्या एका महिलेने फार्क गनिमांना धमकीपोटी माल दिला होता. सूट देण्याचा अधिकार गृहसुरक्षा खात्याला आहे, न्यायाधीशाला नाही. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये राहून ज्याने रस्त्यावरच्या नाक्यावर, दुकानाच्या दारात किंवा नातेवाइकाच्या सुटकेसाठी टोळीला कधीच पैसे दिले नाहीत, असा माणूस सापडणे कठीण, त्यामुळे या घोषणेने हैतियन खटल्यांत केवढी अडचण करून ठेवली आहे, हे लक्षात येईल. खंडणी उकळणाऱ्यांपासून पळणाऱ्याला, तू त्यांना खंडणी दिलीस म्हणून दार बंद करणे, हे मला आजही विपरीत वाटते.

आमचा युक्तिवाद तारखांवर उभा होता. टोळ्यांनी आघाडी जाहीर केली ती सप्टेंबर २०२३ मध्ये, पैसे २०२२ मधले, आणि घेणारी टोळी कोणती हे कुटुंबाला कळलेलेच नव्हते. मार्गदर्शक बाईंनी सुचवल्यावर भावाचेही प्रतिज्ञापत्र घेतले: डोळे बांधलेले होते, कोणी नाव सांगितले नाही, पैसे एका मध्यस्थाने नेले. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारले, की ही टोळी कोणती याचा तुमच्याकडे काही पुरावा आहे का. तो नव्हता, आणि हा मुद्दा तिथेच थांबला.

सुनावणी २०२५ च्या शरद ऋतूत झाली. बाजाराच्या खंडणीचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. तुमच्या आईकडूनही टोळी पैसे घेत होती ना, असे सरकारी वकिलांनी विचारले. अशील म्हणाले, हो, मी शाळेत जात होतो तेव्हापासून घेत होती, आई देत होती आणि कोणी आमच्या घराला हात लावला नाही. मी मुलांना मोर्चाला नेले, त्यानंतर आग लागली. हे उत्तर आम्ही पढवलेले नव्हते. इतक्या पानांच्या युक्तिवादात मला जे म्हणायचे होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

सरकारी वकिलांचा पुढचा मुद्दा अधिक वजनदार होता. राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची ७ जुलै २०२१ रोजी हत्या झाली, त्यांच्या पक्षाची सत्ता गेली, एप्रिल २०२४ पासून संक्रमण परिषद कारभार पाहत होती. २०१८ चे वैर आता कोण काढणार? आणि काढलेच, तर अशिलांची पत्नी आणि मुलगा जिथे राहतात त्या उत्तरेकडच्या काप-हैतियेनला का जाऊ नये? पूर्वी छळ झाला हे सिद्ध झाले की, पुढेही होईल असे गृहीत धरले जाते आणि परिस्थिती बदलल्याचे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर जाते. आम्ही दाखवले, की ज्या शेरिझिएवर अर्थखात्याने ला सालीनसाठी निर्बंध घातले, तोच आता राजधानीचा बहुतांश भाग ताब्यात ठेवणाऱ्या आघाडीचा चेहरा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने त्याच्यावरचे आरोपपत्र उघड करून ५० लाख डॉलरपर्यंतचे बक्षीस लावले, म्हणजे तो मोकळा आहे आणि प्रबळ आहे, हे सरकारलाच मान्य होते.

उरले ब्राझील. हैतियन खटल्यांतला हा दुखरा भाग आहे, कारण २०१० नंतर हजारो हैतियन ब्राझील आणि चिलीत काही वर्षे काढून मग उत्तरेकडे आले. अमेरिकेत येण्याआधी दुसऱ्या देशात कायमचे राहण्याची संधी मिळाली असेल, तर आश्रय नाकारला जातो. अशिलांजवळ ब्राझीलचे मानवतावादी कारणावर दिलेले निवासपत्र होते, दोन वर्षांचे, मुदत संपलेले. ते तात्पुरते होते आणि कायमच्या परवान्यासाठी अशिलांनी अर्ज केलेला नव्हता, असे आम्ही मांडले. पण २०११ च्या ‘मॅटर ऑफ ए-जी-जी-’ निकालानुसार, संधी उपलब्ध होती एवढे सरकारने दाखवले तरी पुरते. माणसाने ती घेतली की नाही, हा प्रश्न गौण. सरकारी वकिलांनी ब्राझीलच्या नियमांचे भाषांतर सादर केले. कारखान्यात भोगाव्या लागलेल्या वंशभेदाविषयी अशील मोकळेपणाने बोलले, पण त्यामुळे तिथले वास्तव्य अशक्य झाले होते, असे न्यायाधीशांना वाटले नाही.

निकाल लेखी आला. साक्ष विश्वासार्ह मानली, छळ राजकीय मतामुळे झाला हे मान्य केले, परिस्थिती बदलल्याचा मुद्दा फेटाळला, आणि ब्राझीलमुळे आश्रय नाकारून ‘विदहोल्डिंग ऑफ रिमूव्हल’ म्हणजे हैतीला परत न पाठवण्याचे संरक्षण दिले. यातली विसंगती अशी, की आश्रयासाठी छळाची दहातली एक शक्यताही पुरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सुचवले आहे, तर या संरक्षणासाठी ती निम्म्याहून अधिक असल्याचे सिद्ध करावे लागते. अवघड परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला कमी हक्क मिळाले. काम करता येते, पण ग्रीन कार्डाचा मार्ग नाही, आणि पत्नीला व मुलाला आणता येत नाही.

सरकारने अपील केले नाही. ब्राझीलच्या मुद्द्यावर आम्ही तीस दिवसांच्या मुदतीत बोर्डाकडे अपील दाखल केले; पूर्वी ११० डॉलर असलेले त्याचे शुल्क नव्या कायद्याने हजार डॉलरच्या आसपास नेले आहे, ते मदतसंस्थेने भरले. दरम्यान आणखी एक काळजी आहे. हे संरक्षण फक्त हैतीला पाठवण्यापासून आहे, तिसऱ्या देशात पाठवण्यापासून नाही. तिसऱ्या देशात पाठवण्याआधी माणसाला सूचना आणि बोलण्याची संधी द्यावी, असा आदेश बॉस्टनच्याच फेडरल न्यायाधीशांनी एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. २३ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित केला. म्हणून अशिलांच्या फाइलमध्ये आता एक नवा विभाग उघडला आहे, आणि त्यात ब्राझीलला पाठवले गेल्यास काय होईल याविषयीची कागदपत्रे जमवणे चालू आहे: कारखान्याची कामावरून काढल्याची नोटीस, संपलेल्या निवासपत्राची प्रत, आणि तिथल्या पोलिसांकडे वंशभेदाची तक्रार नोंदवायला गेले असताना सोबत आलेल्या सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, ज्याचे पोर्तुगीजमधून भाषांतर अजून यायचे आहे.